दोनाचं एक करणारा माणूस

एप्रिलातली सकाळ. छावणीच्या बाजारातले पत्रे अजून तापायचे होते, हवा थांबलेली होती. सांडू दाभाडे दुकानापुढं स्टुलावर बसून, डावा डोळा मिटून, एका जुन्या कॅमेऱ्यातून लांबच्या पाण्याच्या टाकीकडं बघत होते. त्या टाकीवर एक लोखंडी पाइप उभा आहे. तो कशाला लावला हे लावणाऱ्यालाही आठवत नसेल, पण सांडूमामांचा धंदा त्याच्यावर चालतो. नऊ वाजले की ऊन चढतं, हवा हलायला लागते आणि पाइप गांडुळासारखा वळवळतो. म्हणून हे काम सकाळचं.

काम असं. रेंजफाइंडर नावाच्या कॅमेऱ्यात माणूस भिंगातून बघतच नाही, शेजारच्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंगाची कडी फिरवत दोनाचं एक केलं की फोकस झाला. पण हे मोजमाप आधी कुणीतरी लांबच्या वस्तूवर जुळवून द्यावं लागतं. ते देणारा अख्ख्या शहरात एकच माणूस उरला होता, आणि तो बाजारात सगळ्यांचा मामा होता.

मामांनी सत्तावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात दुर्बिणी आणि अंतर मोजायची यंत्रं दुरुस्त केली. पेन्शनीत निघाल्यावर आठ बाय दहाच्या दुकानात तेच चालू ठेवलं, फक्त तोफांच्या जागी हौशी माणसं आली. "तोफा बऱ्या व्हत्या," मामा म्हणायचे. "चुकल्या तर भाषण तरी करत नव्हत्या."

त्यांना ताठा एकाच गोष्टीचा होता. आपल्या हातून गेलेलं यंत्र खोटं निघालं, असं कधी झालं नव्हतं. आणि भीतीही एकाच गोष्टीची. सहा महिन्यांपासून उजव्या डोळ्यापुढं साय धरली होती. हे फक्त केसरबाईला, त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. मोतीबिंदूवाल्याकडं काच कोण दुरुस्तीला देईल?

साडेआठला मुकुंदराव बीडकर आले, मागं त्यांची मुलगी मनस्विनी, गळ्यात स्वतःचा कॅमेरा. मुकुंदराव दाताचे डॉक्टर. आयुष्यभर एक्स-रे बघितल्याशिवाय कुणाची दाढ हलवली नाही. निवृत्त झाल्यावर मात्र आतलं काही न बघता फोटो काढण्यातच खरा आनंद आहे, असा त्यांना साक्षात्कार झाला. त्यासाठी त्यांनी जर्मनीचा रेंजफाइंडर घेतला. घरच्यांच्या मते तेवढ्यात प्लॉट आला असता. जानेवारीत तो मामांनीच जुळवून दिला होता.

"दाभाडे, तुम्हीच न्याय करा," मुकुंदराव म्हणाले. "ही म्हणते माझे फोटो हललेले आहेत."

"हललेले नाही बाबा, आउट ऑफ फोकस. काका, तुम्हीच बघा ना. सगळ्यांचे डोळे पुसट आणि कान लख्ख. आत्याचा तर कानातला मळ दिसतोय."

"तेच तर रेंजफाइंडरचं कॅरेक्टर आहे. ग्रुपवर लोक वेडे झालेत. पुढच्या महिन्यात प्रदर्शन ठेवलंय, नावच ठेवलंय 'धुकं'. तुमच्या त्या कॅमेऱ्यात काय, डोळ्याला टीव्ही लावायचा."

"टीव्ही तर टीव्ही. भिंगाला जे दिसतं तेच मला आतल्या बारीक पडद्यावर दिसतं. दहापट मोठं करून बघता येतं. जिथं फोकस तिथं कडेला लाल रेघ येते."

"लाल रेघ! शाळेतल्या मास्तरसारखी!"

मामा गालात हसले. त्यांनाही ती टीव्ही प्रकरणं पसंत नव्हती. "ताई, टीव्हीवर बघून निशाणा लावणारा जवान म्या तरी नाय बघितला," ते म्हणाले आणि गल्ल्यावर स्टीलची पट्टी तिरपी ठेवली. "सायेब, तीसच्या आकड्यावर धरा."

मुकुंदरावांनी श्वास रोखला, दोनाचं एक केलं, बटण दाबलं. पाठीमागच्या पडद्यावर फोटो आला. तीस पुसट आणि मागचा बत्तीस लख्ख.

"माझा हात हलला," मुकुंदराव म्हणाले.

मामांनी स्वतः धरला. बत्तीसच. मग मनस्विनीनं ते जर्मन भिंग काढून जोडणीच्या कडीवर आपल्या कॅमेऱ्याला बसवलं, चित्र मोठं केलं, कडी फिरवली. तीस असा आला की पट्टीवरचा गंजही मोजून घ्यावा.

म्हणजे भिंग चांगलं होतं. खोटं होतं ते मोजमाप. आणि ते मामांनी जुळवलेलं.

मामा बाहेर आले. सवयीनं डावा डोळा मिटून टाकीकडं पाहिलं. एक पाइप दिसला. मग उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्यानं पाहिलं, तर पाइप दोन. एक टाकीवरचा, बारीक, लांब. दुसरा अलीकडं साठ पावलांवर, लॉन्ड्रीवाल्यानं हिवाळ्यात गच्चीवर उभा केलेला. सायीतून तेवढाच दिसायचा. फौजेला अंतर मोजून देणाऱ्या माणसानं लॉन्ड्रीच्या पाइपाला लांबची टाकी धरून जर्मन कॅमेरा जुळवला होता.

"काय निकाल?" मुकुंदरावांनी विचारलं. "दाभाडे, एक सांगू? काही बदलू नका. असाच राहू द्या. असा इफेक्ट मागून मिळत नाही."

इतकी सोयीची सुटका मामांना फौजेतही कुणी दिली नव्हती. हो म्हटलं असतं तर प्रदर्शन झालं असतं, टाळ्या झाल्या असत्या, नावही राहिलं असतं. मामा उंबऱ्यात उभे राहिले, टोपी काढली, परत घातली.

"सायेब, इफेक्ट नाय तो. माझी चूक हाय. मला मोतीबिंदू झालाय. धुकं तुमच्या कॅमेऱ्यात नाय, माझ्या डोळ्यात हाय."

"अहो, पण ग्रुपवर…"

"ग्रुपला म्या जबाबदार नाय. यंत्राला हाय. आणा हिकडं."

पावणेनऊ झाले होते. पंधरा मिनिटांत हवा हलली असती. आयुष्यभर मिटून ठेवलेल्या डाव्या डोळ्याला चौकोनातली बारीक जुळणी जमत नव्हती, म्हणून मामांनी मनस्विनीला स्टुलावर बसवलं. "ताई, टाकीवरचा लांबचा पाइप. अलीकडचा नाय. चौकोनात दोन दिसतात?"

"दिसतात."

मामांनी बारीक पेचकस लावला. "आता?"

"जवळ आले… अजून… काका, पुढं गेला, मागं घ्या… थांबा. एक झाला!"

"पक्कं?"

"आईशप्पत."

टीव्हीवाली पोरगी रेंजफाइंडर जुळवत होती, आणि रेंजफाइंडरवाले डॉक्टर खांबाला टेकून फुगले होते. सकाळचा जुना कॅमेराही त्याच झटक्यात पुन्हा जुळवला. मग जर्मन कॅमेऱ्यानं पट्टीचा फोटो काढला, त्याचं कार्ड मनस्विनीच्या कॅमेऱ्यात घातलं आणि मामांनी तो तिच्या बारीक टीव्हीत दहापट मोठा करून बघितला. सायीच्या डोळ्यालाही तीस दिसला.

"बरा हाय टीव्ही," मामा पुटपुटले.

मुकुंदरावांनी आता मामांचाच फोटो काढला. डोळे लख्ख आले, उजव्या बाहुलीतला पांढुरका ठिपकाही लख्ख आला. "कॅरेक्टर गेलं हो दाभाडे," ते हळहळले. प्रदर्शनाचं नाव बदलायच्या चिंतेत बापलेक भांडतच निघून गेले.

मामांनी फोन लावला. "केसर, ते डोळ्याच्या दवाखान्याचं… आजच नंबर लावून ठिव."

"आज व्हय? सहा महिने काय म्या भिताडाला सांगत व्हते?"

"व्हय, भिताडालाच. लाव आता. आन् पाटी लावतो दुकानावर, डोळा होईपर्यंत जुळवायचं काम बंद म्हनून."

"मंग करनार काय?"

"पुसायचं काम हाय की लई."

फोन ठेवून मामांनी एका शाळेनं पाठवलेलं सूक्ष्मदर्शकांचं खोकं पुढं ओढलं, कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि डावा डोळा जवळ नेत पहिल्या काचेवरची बुरशी पुसायला घेतली.