भाताची बादली

डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात लग्न असलं की पंगतीत भात वाढायचं काम शेजारच्या काकांचं. पन्नाशी उलटली, पण मांडवात गप्पा मारत बसलेले कधी दिसले नाहीत. डीजे लागला की कानात कापूस घालायचे आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता नुसत्या पत्रावळींवर नजर ठेवून वाढत जायचे. लोक म्हणायचे, ह्याला माणसं नकोत.

यंदा ते नातीला घेऊन कल्याणच्या डॉक्टरांकडे गेले. तिला ऑटिझम असल्याचं तिथं कळलं. परत आल्यावर माझ्या ओट्यावर टेकले.

"डॉक्टर तिचं सांगत होता, आन् मला वाटलं माझंच सांगतोय."

"मग तुमी पण विचारायचं ना, काका."

"विचारीन कधीतरी. असंल, नायतर नसंल." मग अंगणाकडे बघत म्हणाले, "हातात बादली असली का कोण बोलायला लावत नाय, आन् माणसांत पण राहता येतं. मला माणसं पायजेच होती रे."

परवाच्या लग्नात मी वरणाची बादली उचलली आणि त्यांच्या मागोमाग वाढत निघालो. पंगत उठेपर्यंत ते मधूनमधून मागे वळून बघत होते, मी आहे ना म्हणून.