नासिरसाठी राखलेला घड

परदेशात राहिलेल्या माणसाकडे पैसा साठो न साठो, किस्से मात्र साठतात. आमचे बहुतेक किस्से एकाच डोंगरावरचे. साठच्या दशकात अमिरात हे नावसुद्धा नव्हतं. आपला रुपया तिकडे चालायचा, आणि रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी आमच्या सर्व्हे कंपनीचा कॅम्प होता. मी स्टोअरकीपर, दाऊद ड्रायव्हर, दोघेही रत्नागिरीकडचे. वर माथ्यावर दगडी घरांचं एक गाव होतं. तिथे थोडी द्राक्षं पिकायची, एवढ्यावर आमचे साहेबलोक त्याला 'वाइन व्हिलेज' म्हणायचे!

*

एक नवे साहेब तर ग्लास घेऊनच डोंगर चढले. भर उन्हाळा. अख्खं गाव दारं बंद करून खजुराच्या हंगामाला खाली समुद्राकडे गेलेलं. द्राक्षांच्या राखणीला वर एकटा म्हातारा सालेम.

साहेबांनी दाऊदमार्फत विचारलं, "इथली सगळ्यात जुनी वाइन कुठली?"

सालेमने ग्लासात मडक्यातलं पाणी ओतलं. म्हणाला, "हे मागच्या पावसाचं. याहून जुनं आमच्याकडे काही उरत नाही."

साहेब निमूट प्यायले. त्या डोंगरावर पाणी किती जपून वापरतात, हे त्यांना तेव्हा कळलं असावं.

*

सालेमच्या घरात धान्याचा एक रांजण होता, माणूस आत उभा राहील एवढा. आणि घराचं दार इतकं बुटकं की आम्ही गुडघ्यांवर आत शिरायचो.

"हा आत आणला कसा?" मी विचारलं.

"आणला नाही. आजोबांनी आधी रांजण ठेवला, मग भोवती घर बांधलं. गाव खाली गेल्यावर चोरानं नेऊ नये म्हणून."

सगळ्या गावाची तीच रीत. साहेबांना तो रांजण बंगल्यासाठी हवाच होता. सालेम म्हणाला, "खुशाल न्या. फक्त घर मोडू नका!"

*

दाऊदचा बाप दापोलीजवळ एकटा राहायचा. दाऊद दरवर्षी घरी जायचं ठरवायचा आणि दरवर्षी, अगदी सालेमने विचारलं तरी, म्हणायचा, "पुढच्या सीझनला, इन्शाल्ला." मी चिडवायचो, "अरे, आंब्याला मोहर येतो, तुझा सीझन काही येत नाही!" तो हसायचा. पण हसणं फार वेळ टिकायचं नाही.

एकदा चढून दमलेल्या दाऊदने वेलीवरच्या घडातलं एक द्राक्ष सहज तोंडात टाकलं. सालेम एकदम उठून उभा राहिला. तो पहिला घड होता. सालेमचा मुलगा नासिर कुवेतला गेलेला. वर्षाचा पहिला घड त्याने खाल्ल्याशिवाय म्हातारा एकही द्राक्ष तोडत नसे. नासिर कित्येक वर्षं आला नव्हता. घड वेलीवरच सुकायचे.

दाऊद ओशाळला. "माफ करा बाबा, माहीत नव्हतं."

सालेम पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "खा. तूही कुणाचा तरी मुलगाच आहेस."



*

पुढच्या उन्हाळ्यात सालेम तापाने आजारी पडल्याचं एका गुराख्याने कॅम्पवर सांगितलं. आम्ही वर गेलो; दाऊद दम खात मागे राहिला, मी आधी आत शिरलो. म्हाताऱ्याची नजर तोवर जवळजवळ गेली होती. दुबईच्या हॉस्पिटलला चला म्हटलं तर एकच हट्ट, "नासिर येऊन घड खाईल, मगच उतरेन."

मी हात टेकले. तेवढ्यात पावलं वाजली. सालेमने मान वळवली. "नासिर?"

दाऊद दारात वाकलेला होता. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "आलो, बाबा."

मग त्याने वेलीवरून घड तोडून आणला, म्हाताऱ्याजवळ मांडी घालून बसला आणि अख्खा घड एकट्याने संपवला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी खात होता.

"गोड आहे?" सालेमने विचारलं.

"खूप गोड."

"खलास. चला आता."

दाऊदने त्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरवला. जीपमध्ये मी मागे सालेमला धरून बसलो; दाऊद गाडी चालवत होता. इंजिनचा आवाज वाढला तशी सालेमने माझी बाही ओढली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"दाऊदला सांग," तो म्हणाला, "माझं भागलं. आता स्वतःच्या बापाकडे जा म्हणावं."