पाळण्याभोवती मिरच्यांचा धूर

भिवंडीतल्या आमच्या गल्लीतले कापड विणायचे लूम आजवर दोनच कारणांनी बंद पडले आहेत. एक वीज गेल्यामुळे आणि दुसरं माझ्यामुळे.

वीज गेली की लोक वर आकाशाकडे बघून शिव्या घालतात. त्या शनिवारी मात्र ते वर आमच्या तिसऱ्या मजल्याकडे बघत होते. हे सगळं मी मोकळ्या मनानं सांगणार आहे, कारण मनात ठेवून ठेवून मला आता आम्लपित्त झालं आहे. (सुनंदा म्हणते, ते ठेच्यानं झालं. असो.)

मी राहनाळच्या एका गोदामात कारकून आहे. तिथं माल उतरवायला गणेशपुरीकडून रामा नावाचा एक जण येतो. शुक्रवारी त्यानं माझ्या टेबलावर एक गच्च भरलेली पिशवी ठेवली.

"साहेब, घरची मिरची हाय. अवंदा लय लागली. घ्या, न्हाय म्हनू नका."

मी न्हाय म्हणालो नाही. कोणालाच नाही म्हणता न येणं हा माझा जुना आजार आहे. पिशवी उघडली तर आत हिरव्यागार, करंगळीपेक्षाही बारीक लवंगी मिरच्या. एवढ्या, की आमच्या अख्ख्या बिल्डिंगनं गणपतीपर्यंत खाल्ल्या असत्या तरी उरल्या असत्या.

घरी सुनंदानं पिशवी बघितली आणि कमरेवर हात ठेवले.

"अहो, परवा नातीचं बारसं आहे! घरात पाय ठेवायला जागा नाही. ह्या मिरच्यांचं मी काय करू? हार करून पाळण्याला बांधू?"

"टिकवून ठेवू ना."

"कोण टिकवणार?"

"मी!" मी म्हणालो. इथं पहिली चूक झाली.

त्याच संध्याकाळी समोरच्या निर्मलावहिनी बाळाला बघायला आल्या. निर्मलावहिनी आणि वसंतराव, दोघंच नवराबायको. त्यांना मूलबाळ नाही. आमची पल्लवी अर्धी त्यांच्याच घरात वाढली. भूक लागली की ती आमचं दार ओलांडून त्यांच्या स्वयंपाकघरात जायची. बारशात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आमच्या जावयाला बहीण नाही. तेव्हा पल्लवीनं केव्हाच जाहीर करून टाकलं होतं, "आत्या म्हणजे निर्मलामावशी. विषय संपला." वहिनींनी त्यासाठी नवी साडी घेतली होती आणि ती येताजाता प्रत्येकाला दाखवून झाली होती. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा.

तर वहिनींनी बाळाला मांडीवर घेतलं, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "काय टपोरे डोळे गं हे! बाई बाई, माझीच दृष्ट लागायची हो!"

सगळे हसलो. हे वाक्य लक्षात ठेवायची गरज तेव्हा कोणालाच वाटली नाही.

शनिवारी सकाळी सुनंदा आणि पल्लवी बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. घरात मी एकटा. मला एकटं स्वस्थ बसता येत नाही. मी मोबाईलवर मिरच्या टिकवायचा व्हिडिओ शोधला. कुठल्याशा परदेशातला एक हसरा माणूस मिरच्या विस्तवावर भाजत होता, गार करून त्यांची सालं काढत होता आणि डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवत होता. वर्षभर ठेच्याची चिंता नाही! त्याच्या मिरच्या वांग्याएवढ्या होत्या आणि तो भाजताना चक्क गाणं म्हणत होता. एवढी बारीकसारीक गोष्ट मी मनावर घेतली नाही.

मी भाकरीचा मोठा लोखंडी तवा चढवला आणि त्यावर मिरच्यांचा ढीग ओतला.

पहिली मिरची फट् करून फुटली आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसली. मग तव्यावर दिवाळी सुरू झाली. धूर उठला. मी खोकलो. आता, मी स्वभावानं विचारी माणूस. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या आणि एक्झॉस्ट फॅन पूर्ण जोरात सुरू केला. आमचा तो पंखा मधल्या डक्टमध्ये हवा सोडतो. त्याच डक्टमध्ये वहिनींच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. आणि तो डक्ट खाली जिथं संपतो, तिथं अन्सारीचाचांची लूमची शेड आहे.

थोड्या वेळानं एक विचित्र गोष्ट झाली. शांतता पसरली. भिवंडीत शांतता पसरली की माणूस घाबरतो. खटाखट, खटाखट करणारे लूम एकेक करून थांबले आणि त्या जागी शेकडो खोकले ऐकू यायला लागले. (शेकडो नसतील. पण मला तसे वाटले.)

खालून चाचांचा आवाज आला, "अरे भाईसाब! ऊपर क्या जला दिए? सब कारीगर बाहर भाग गए! शिफ्ट खलास!"

"ठेचा!" मी खिडकी किलकिली करून ओरडलो. "चाचा, ठेचा है!"

"ठेचा है कि बम है?"

मी गॅस बंद केला. पण तव्यावरचा धूर काही केल्या बंद होईना. म्हटलं, तवाच गॅलरीत नेऊन ठेवावा. पकडीत तवा धरला, डोळे मिटले (उघडे ठेवणं शक्यच नव्हतं) आणि निघालो. हॉलच्या मधोमध बारशासाठी फुलं लावून सजवलेला पाळणा टांगला होता. मी त्याला धडकलो. अंदाज यावा म्हणून एका हातानं पाळण्याची कड धरली आणि कडेकडेनं गॅलरीच्या दिशेनं चालू लागलो. पण पाळण्याची कड धरून चालणारा माणूस गॅलरीत पोचत नाही. तो पाळण्याभोवती फिरतो.

मी फिरलो. धूर सोडत, खोकत, पुटपुटत फिरलो. पुटपुटत होतो ते 'आई गं, आई गं' एवढंच, पण बघणाऱ्याला ते मंत्रासारखं वाटणार.

आणि बघणारं माणूस दारात उभं होतं. निर्मलावहिनी! नाकाला पदर, डोळ्यांतून घळाघळा पाणी. बिचाऱ्या मला काय झालं ते बघायला धावत आल्या होत्या.

त्यांनी पाळणा बघितला. तवा बघितला. जळक्या मिरच्या बघितल्या. मला बघितलं.

"कळलं भावोजी," त्या खोकत म्हणाल्या. "कळलं मला." आणि दार लावून गेल्या.

मला वाटलं, काय समजूतदार बाई आहे!

दुपारी सुनंदा आली. पल्लवीला आणि बाळाला तिनं खालीच थांबवलं होतं. नाक मुरडत तिनं सगळी हकीकत ऐकली आणि मटकन खुर्चीत बसली.

"अहो, काल त्या काय म्हणाल्या आठवतंय? माझीच दृष्ट लागायची, म्हणाल्या. आणि आज तुम्ही पाळण्यावरून मिरच्या ओवाळून जाळल्यात!"

"मी ओवाळल्या नाहीत. मी रस्ता शोधत होतो."

"हॉलमध्ये?"

मी तसाच समोरच्या घरी धावलो. वहिनींनी दार उघडलं. "वहिनी, तुमचा गैरसमज..." एवढं बोललो आणि अवसान गोळा करायला डोळ्यांवरून हात फिरवला. हाताला मिरच्या लागलेल्या! पुढचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. मी घळाघळा रडत होतो आणि वहिनी म्हणत होत्या, "रडू नका भावोजी. तुमचा काय दोष? तुम्ही आपल्या नातीचं बघणार."

"तसं नाही हो..." मी हुंदके देत म्हणालो.

"मला सवय आहे. बारशाला बोलावतात, पण बाळ मांडीवर देताना बायका एकमेकींकडे बघतात. तुमच्या घरी तसं कधी झालं नव्हतं, एवढंच. पल्लवीला सांगा, दुसरी आत्या बघ."

दार लागलं. हळूच लागलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

मी घरात येरझाऱ्या घालू लागलो. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, पुन्हा हॉल. सुनंदा म्हणाली, "जरा बसा हो, मला घेरी येतेय." बसलो तर पाय हलायला लागला. शेवटी मला सुचलं, पुरावा द्यावा! मिरच्या खाण्यासाठीच भाजल्या होत्या, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं की झालं.

तव्यावरच्या मिरच्या गार झाल्या होत्या. मी व्हिडिओप्रमाणे सालं काढायला गेलो, पण लवंगी मिरची सोलणं म्हणजे डासाचा कोट काढण्यापैकी. ते सोडून दिलं. वर मीठ घातलं, लिंबू ठेवलं, स्टीलच्या डब्यात भरलं आणि डबा वहिनींच्या दारासमोर ठेवून बेल वाजवून परत आलो. (समोर उभं राहायचा धीर नव्हता.)

दार उघडल्याचा आवाज आला. मग डब्याचं झाकण वाजलं. मग वसंतराव ओरडले. हा माणूस मी कधी ओरडताना ऐकला नव्हता.

"अहो, उतारा आणून आमच्याच दारात ठेवता?"

जळक्या मिरच्या, मीठ, लिंबू. आता तुम्हीच सांगा, दुसरं काय वाटणार त्यांना? तिठ्यावर टाकायची वस्तू मी झाकण लावून घरपोच केली होती!

त्या रात्री घरात माझ्याशी कोणी बोललं नाही. बाळसुद्धा माझ्याकडे बघून रडलं.

रविवार उजाडला. पाहुणे जमले. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, विहीणबाई घड्याळाकडे बघू लागल्या. पल्लवी बाळाला घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

"मावशी आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही."

"अगं, मुहूर्त..." विहीणबाई म्हणाल्या.

"राहू दे बिननावाची! बाबा, तुम्ही हे केलंत, तुम्हीच निस्तरा."

मी जिन्यात आलो. समोरच्या बंद दाराकडे बघत वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत आणि परत वर, असं मी किती वेळा केलं असेल कोण जाणे. तेवढ्यात बारशाचं आमंत्रण असलेले अन्सारीचाचा बाळासाठी झबलं घेऊन वर येत होते. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तर आणि घोगरा आवाज.

"भाईसाब, मुबारक हो! माफ करना, गला अभी तक बैठा है. क्या खाँसे हैं कल! पूरी गली खाँसी. हमारा वो नया कारीगर तो गाँव जाने की बात कर रहा है!"

मी पायरीवर थबकलो. आमच्याकडे दृष्ट काढून झाली की मिरच्या निखाऱ्यावर टाकतात. ठसका लागला नाही, तर दृष्ट खरीच लागली होती असं समजतात. आणि ठसका लागला तर...

मी चाचांचा हात धरला आणि त्यांना वहिनींच्या दाराशी ओढत नेलं. बेल दाबली ती सोडलीच नाही.

"वहिनी, दार उघडा! साक्षीदार आणलाय!"

दार उघडलं. वहिनी घरातल्या जुन्या साडीत. मागे वसंतराव, चेहरा तांबडा.

"चाचा, कल आप खाँसे थे ना?"

"अरे, खाँसे? फेफड़ा हाथ में आ गया भाभीजी!"

"वसंतराव, तुम्हाला ठसका लागला?"

"विचारता काय? दमेकरी झालो मी!"

"आणि वहिनी, तुम्हाला?"

"जीव जायचा बाकी होता," वहिनी रागानंच म्हणाल्या.

"मग झालं तर!" मी ओरडलो. "दृष्ट असती तर कोणाला शिंकसुद्धा आली नसती! इथं अख्खी गल्ली खोकली. लूम बंद पडले! वहिनी, तुमच्याइतकी निर्मळ नजर या भिवंडीत कोणाची नाही. एवढी तपासणी दुसऱ्या कोणाची झालीय का कधी?"

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"म्हणजे भावोजी, तुम्ही खरंच ठेचा करत होतात?"

"ठेचाच! देवाशपथ!"

"पाळण्याभोवती फिरून?"

"गॅलरी सापडत नव्हती!"

त्या हसल्या. हसता हसता कालचा खोकला पुन्हा उसळला, वसंतराव पाठीवर हात फिरवू लागले आणि चाचा म्हणाले, "देखो, अभी भी असर है! माल असली है!"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "साडी बदलून येते."

बाळाच्या कानात त्यांनी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं आणि बायकांनी आत्याच्या पाठीवर असे धपाटे घातले, की उरलासुरला खोकलाही निघून गेला. पल्लवी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी कोपऱ्यात डोळे पुसले. (हात साबणानं धुऊन.)

जेवणं झाल्यावर वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. "आता दृष्ट काढायची ती भावोजींची! बसा पाटावर."

मला पाटावर बसवलं. मूठभर मिरच्या माझ्यावरून उतरवून त्यांनी निखाऱ्यांवर टाकल्या. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. चाचा दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

काही नाही. ठसका नाही, वास नाही. विहीणबाईंनी रुमाल काढून हुंगून बघितलं. चाचा आत येऊन निखाऱ्यावर वाकले. काहीच नाही.

"अगबाई!" वहिनी म्हणाल्या. "भावोजींना केवढी जबरदस्त दृष्ट लागली होती!"

खोटं कशाला सांगू? पुढचे काही दिवस मी छाती पुढे काढून चालत होतो. या वयात, या पोटासकट, माझ्यावर कोणाची तरी नजर होती! कामावर भांग नीट पाडून जाऊ लागलो. आरशासमोर उभा राहून मी त्या अज्ञात व्यक्तीचा विचार करत असताना सुनंदा मागून म्हणाली, "अहो, उगाच फुगू नका. वहिनींनी त्या मिरच्या तुमच्याच डब्यातल्या घेतल्या होत्या. होता नव्हता तेवढा ठसका तुम्ही आदल्या दिवशीच सगळ्या गल्लीला वाटून टाकला होता. आत उरलं होतं काय?"

मी आरशात पुन्हा एकदा नीट बघितलं. प्रश्न मिरच्यांबद्दलच होता, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.