पुढे राहिलेला हात

जवळ ये गं शमा, कागदावरच का होईना. बास्केटबॉलची मॅच हरल्यापासून आत्याकडे फिरकली नाहीस, हे काही बरं नाही केलंस.

मी पायऱ्यांवर बसून बघत होते. दोघीतिघी अंगावर आल्या तरी तू बॉल सहज बास्केटमध्ये टाकतेस. फ्री थ्रोला मात्र सगळ्या बाजूला होतात, कुणी अडवत नाही, आणि नेमका तिथेच तुझा हात जड होतो. माझ्या मागची बाई म्हणाली, "मोकळं सोडलंय, तरी जमेना हिला."

तिला काय ठाऊक! माहेरी गप्पा मारता मारता मी पुरणपोळ्यांचा ढीग लाटायचे. सासरी पहिल्यांदा लाटायला बसले, तर सगळ्या जावा बाजूला होऊन बघत राहिल्या. पोळी तव्यावर टाकतानाच फाटली.

तुमच्यात म्हणे रीत आहे, फ्री थ्रोच्या दोन नेमांतला पहिला चुकला तरी मैत्रिणी येऊन हातावर टाळी देतात. सुरुवातीला दिल्या त्यांनी. शेवटी मॅच अटीतटीला आली नि तू चुकलीस, तेव्हा सवयीनं हात पुढे केलास, पण एकही आली नाही. तो हात तू हळूच चड्डीला पुसलास. मग दुसराही चुकला.

हरलेलं मी विसरेन, ते पुसणं नाही विसरणार. त्या पोळीचं आता कुणाला काही आठवत नाही, पण कोण कोण हाताची घडी घालून उभं होतं, ते मला अजून तोंडपाठ आहे.

लवकर ये. दारात हात पुढे करून उभी राहीन. तो तसाच ठेवू नकोस.