जावईबापूंचा मेल सर्व्हर

धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं ताट द्यावं, अनारसे खाऊ घालावेत, इथवर माझी हरकत नाही. ऑफिसचा मेल सर्व्हर मात्र त्याच्या हाती देऊ नये.

आमच्या मालकांचा, म्हणजे भाऊंचा, परदेशी केळी पाठवण्याचा धंदा. जळगावात मेहरूण भागातल्या ऑफिसात मी हिशेब बघतो आणि कॉम्प्युटरची बारीकसारीक कामंही. पंधरा कॉम्प्युटर, एक स्कॅनर. सगळ्यांचे मेल आधी एका यंत्राकडे जावेत आणि तिथून बाहेर पडावेत, एवढंच करायचं होतं. मी करणारच होतो, तोवर भाऊंचे धुळ्याचे जावईबापू मुक्कामाला आले. ते म्हणे कॉम्प्युटरमधले. म्हणजे एका क्लासात टायपिंग शिकवतात.

दुपारभरात त्यांनी सर्व्हर उभा केला. धुळ्याहून स्वतःलाही वापरता यावा म्हणून तो बाहेरच्यांना उघडा ठेवला. पासवर्ड नाही.

"अशानं कोणीही आपल्यामार्फत मेल पाठवेल," मी म्हणालो.

"काका, जगाला आपलं मेहरूण तरी माहीत आहे का?"

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "पाहुण्यांची परीक्षा घेता का? धोंड्याचा महिना चालू आहे."

सर्व्हरला हळदीकुंकू लागलं, नारळ फुटला.

आमचे मेल दिवसाला चाळीसएक. तिसऱ्या सकाळी सर्व्हरवर बाहेर जायच्या रांगेत अकरा हजार. वजन उतरवायच्या गोळ्या, लॉटऱ्या, सगळा जगाचा उकिरडा आमच्या पत्त्यावरून निघालेला. साहजिकच समोरच्यांनी आमचे मेल घेणं बंद केलं. कंटेनरची कागदपत्रं परत आली. जहाज संध्याकाळी सुटणार, आणि बंदरावरच्या एजंटला कागद कंपनीच्याच मेलवरून हवेत.

ज्यांच्या बागेची केळी त्या कंटेनरमध्ये होती, ते भडगावचे नाना समोरच बसलेले. म्हणाले, "जगनी टपाल वाही ऱ्हायनं तुमनं डबडं, नि मन्या केया बंदरवर सडी ऱ्हायन्यात!"

"मी सर्व्हर दुरुस्त करतो," मी भाऊंना म्हणालो.

"त्यांच्यासमोर? वाईट दिसेल. उद्या जाताहेत ते."

"जहाज आज जातंय."

भाऊंनी जावईबापूंना मळ्यात भरीत खायला नेलं. निघताना मला डोळ्यांनी खूण केली. एवढ्या मोठ्या धंद्याचा मालक, आणि स्वतःच्याच ऑफिसात खुणेनं बोलतो!

मी बाहेरचा रस्ता बंद केला, रांग पुसली आणि आमचे मेल ज्या कंपनीकडे आहेत तिच्या सर्व्हरमार्फत, पासवर्ड घालून, पाठवायला लावले. कागद गेले. एजंटचा फोन आला.

"गयं का?" नानांनी विचारलं.

"गेलं, नाना."

संध्याकाळी भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "जावईबापूंच्या सर्व्हरनं कंटेनर काढला!" जावईबापूंनी मान तुकवून कौतुक घेतलं. लाज नाही.

आठवड्याने धुळ्याहून फोन. त्यांचे मेल जात नव्हते. भाऊंनी फोन माझ्याकडे दिला.

"तपासतो," मी म्हणालो.

अजून तपासतोय. पुढचा धोंड्याचा महिना यायला तीनेक वर्षं आहेत.