ओलीची वाट

"पाणी खालीच जाते असं ज्याले वाटते, त्यानं सृष्टी अर्धीच पाहिली," असं गंभीरपणे म्हणून तो खिशातून काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ काढायचा आणि समोरच्याच्या बशीतल्या चहात ठेवायचा. चहा ढेकळात वर वर चढायचा. सृष्टीचा उरलेला अर्धा भाग दिसायचा. चहा मात्र जायचा. बहुतेक वेळा माझा.

नवं राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. उंद्रीत मी शाळामास्तर, तो शेतकी खात्याचा माणूस. खोल्या शेजारी.

एकदा जिल्ह्याहून मोठे साहेब आले. 'मृदा व केशाकर्षण' यावर पाऊण तास बोलले. लोक ऐकत होते, कारण उठता येत नव्हतं. मग यानं साहेबांच्याच बशीत ढेकूळ ठेवलं, आणि मागचे लोक पाहायला पुढे आले. साहेबांनी चहा घेतला नाही.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. गावातल्या एका एकट्या बाईंची रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होती. विहीर नाही, वर्षाची भाकर त्या एका वावरात.

"मावशी, डवरा हाणा."

"तण कुठं हाय, भाऊ?"

"तणासाठी नाही. खालची ओल वर चढते अन् उन्हानं उडून जाते. वरची माती मोकळी केली का तिची वाट तुटते. भेगाही बुजतात."

"अन् नाही तुटली तर? मी खाऊ काय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच बैल जुंपून डवरा, म्हणजे कोळपं, धरला. बांधावरून शेजारी ओरडला, "काऊन बे, वावराची दाढी करून राह्यला काय?"

"हाव. बिनपाण्यानं!"

मावशी हसल्या नाहीत. पुढे महिनाभर तो रोज सकाळी त्या वावरात जाऊन हातभर उकरायचा आणि माती मुठीत दाबून बघायचा. मूठ उघडल्यावर गोळा फुटला नाही, की त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन पोटभर जेवायचा. गोळा फुटला असता तर काय, हे मी कधी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी शेजाऱ्यानं मावशींचाच डवरा मागून नेला. कशाला, ते त्यानं सांगितलं नाही.

कणसं भरली, आणि याची बदली झाली. सरपंचांनी सत्कार ठरवला. 'भूमातेचा सुपुत्र' असा कापडी फलकही लागला. सरपंच हार घेऊन एक वाजता पोचले. एसटी बाराला गेली होती. मावशीही आल्या नव्हत्या. त्यांची ज्वारी सोंगायला आली होती.