तांड्यावरचा फत्तेसिंग

महागाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर रामधन राठोडची पिठाची चक्की आहे. थोडी कपाशी, थोडं सोयाबीनही आहे. पण आसपासच्या गावांत तो ओळखला जातो फत्तेसिंग म्हणून. वीसेक वर्षांपूर्वी, घरोघरी सीडी प्लेअर आले होते तेव्हा, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या गोपालनं एक पिच्चर काढला होता, 'वाघदऱ्याचा सूड'. नाल्याचं पाणी अडवून बसलेला दरोडेखोर फत्तेसिंग म्हणजे रामधन. त्याच्या कुऱ्हाडीच्या दांड्यानं मार खाणारा गरीब शेतकरी म्हणजे शेजारच्या गावचे नानाजी.

पिच्चर एवढा कच्चा होता, की भर मारामारीत मागून एसटी जाताना दिसायची आणि मेलेला माणूस माशी बसली म्हणून नाक खाजवायचा. त्यासाठीच लोकांनी तो डोक्यावर घेतला. जत्रेत पडदा लागला की एसटी यायच्या आधीच सगळे "आली, आली" ओरडत. पुढं गोपालनं तो यूट्यूबवर टाकला. मग कॉलेजातली पोरं चक्कीवर येऊन रामधनला गळ घालायची, "काका, एकदा म्हना ना." पिठानं पांढरा झालेला रामधन कमरेवर हात ठेवून गरजायचा, "पाणी माह्या परवानगीनं वाहते!"

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली, आणि एका दुपारी त्याची बायको पुष्पा फोन घेऊन चक्कीत आली.

"हे पाहा. माहेरच्या ग्रुपवर आलं."

व्हिडिओत रामधन होता. कुऱ्हाड उगारून शेतकऱ्यांच्या मागं धावत होता. नानाजी पाया पडत होते. आवाज काढून टाकला होता, एसटीचा भाग कापला होता, रंग उडवून चित्र जुनाट मोबाइलमधून घेतल्यासारखं केलं होतं. खाली लिहिलं होतं : 'तांड्यावरचे लोक आपल्या शेतकऱ्यांना कसे मारतात बघा. मतदानाला जाताना विसरू नका.'

पहिल्यांदा त्याला काय वाटलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, काय जोरदार काम केलं होतं आपण! भीती त्यानंतर आली.

"खुळे हायेत लोक," तो पुष्पाला म्हणाला. "सगळ्यायले माहीत आहे हा पिच्चर."

पण सगळ्यांना माहीत नव्हता. उमरखेडकडच्या गावांत कुणी पाहिलेला नव्हता. आणि ज्यांनी पाहिला होता, ते गप्प होते. याचाच त्याला घोर लागला. नंदाबाई कितीतरी वर्षं त्याच्याकडे दळण टाकत आली होती. ती डबा घेऊन चक्कीपुढून तशीच पलीकडच्या चक्कीकडे निघाली.

"नंदाबाई, तिकडं काहून?"

"तिकडं पीठ बारीक येते, भाऊ," ती न थांबता म्हणाली.

तिकडच्या चक्कीत पीठ कसं येतं, हे रामधनला ठाऊक होतं. हॉटेलात चहा प्यायला गेला तर शेजारच्या बाकावरचा माणूस फोन उलटा ठेवायचा. एकानं तर त्याच्या देखत म्हटलं, "सिनेमा तं सिनेमा. पण मनात असल्याबिगर चेहऱ्यावर एवढा राग येते का?" तेव्हापासून रामधन सगळ्यांचे हात पाहू लागला. कुणाच्या हातात फोन आहे, कोण आपल्याकडे पाहून बोट चालवतंय. पुतण्यावर संशय घेतला, पोस्टमनवर घेतला. पुष्पानं व्हिडिओ आधी कधी पाहिला होता, हेसुद्धा त्यानं तिला उलटसुलट विचारलं. तिनं फोन त्याच्यापुढं सरकवला. "आता माह्यावरही का?" एवढंच म्हणाली.

एकटा बसून त्यानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग एक गोष्ट नजरेत आली. यूट्यूबवरच्या आणि सीडीवरच्या पिच्चरमध्ये कोपऱ्यात गोपालच्या स्टुडिओचं नाव कायम दिसतं. इथं ते नव्हतं. पुसल्याची खूणही नव्हती. नाव नसलेला मूळ पिच्चर फक्त गोपालकडे होता.

गोपालचा स्टुडिओ आता बातम्यांचा चॅनल झाला होता. मागं निळा पडदा, पुढं माइक. रामधनला पाहून त्यानं घाईघाईनं चहा सांगितला.

"मूळ पिच्चर कोनाले देल्ला, गोपाल?"

"कोनाले नाही, भाऊ. आजकाल कॉम्प्युटरवर काहीही करता येते."

"माह्या डोळ्यात पाहून सांग."

गोपालनं माइकची वायर गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता सांगू लागला. एका उमेदवाराच्या माणसांनी प्रचाराच्या फिल्मसाठी गावाकडचे जुने सीन मागितले होते. त्यानं पेनड्राइव्ह भरून दिला. ते असं करतील हे ठाऊक नव्हतं, म्हणाला.

"पन कळल्यावर तं बोलाचं होतं! तुह्या चॅनलवर रोज बोंबलतं तू."

"निकाल लागू द्या, भाऊ. मंग सांगतो. आता त्यायचीच जाहिरात चालू आहे ना."

रामधन चहाला न शिवता उठला. बाहेर येऊन गाडीला किक मारली, पण तांड्याकडे न वळता थेट नानाजींच्या गावी गेला. नानाजींवरही त्याचा भरवसा उरला नव्हता. तो उमेदवार त्यांच्या भावकीतला, आणि इतक्या दिवसांत त्यांनी साधा फोन केला नव्हता.

नानाजी ओसरीवर तूर निवडत होते. शेजारी त्यांची बायको वच्छलाबाई. रामधननं बसायच्याही आधी विचारलं, "नानाजी, मी तुमाले खरंच मारलं होतं का?"

"असं काय बोलतं, रामधन?"

"मंग गप काहून?"

नानाजींनी सुपात बोटं फिरवली. "पोरं म्हनतात, आपल्या मानसाचं नुकसान नोको."

"आपला मानूस!" वच्छलाबाई एकदम बोलल्या. "शूटिंगच्या दिवशी पाय मुरगळला तं पाठीवर घेऊन कोन आलतं घरी? आता तोंडाले कुलूप लावून बसले!"

नानाजींनी सूप पुन्हा जवळ ओढलं. रामधन पाणी पिऊन निघाला. हा माणूस आपल्यासाठी तोंड उघडणार नाही, अशी त्याची खात्री होती.

बाजाराच्या दिवशी रामधन वांग्याच्या ढिगापाशी उभा होता. लोक त्याला जरा वळसा घालून चालत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "फत्तेसिंग! माह्या वावराचं पाणी सोड!"

नानाजी होते. धोतर सावरत, भर बाजारात, पिच्चरमधल्यासारखे हात जोडून उभे. रामधनला क्षणभर वाटलं, हाही कुणाचा तरी डाव आहे. फोन कोण धरतंय, ते त्यानं आधी चौफेर पाहिलं. पण नानाजी हात जोडून, त्याच्या वाक्याची वाट पाहत तसेच उभे राहिले. मग त्यानं कमरेवर हात ठेवले आणि गरजला. नानाजी पाया पडले. पडता पडता लोकांकडे वळून म्हणाले, "मार खानारा तो मीच आहे! पिच्चर आहे तो! ज्यायनं पाठोला त्यायले सांगा!" कुणी हसलं, कुणी टाळ्या वाजवल्या, एक म्हातारी "एसटी कुठं गेली?" म्हणाली.

त्याचाही व्हिडिओ फिरला. काही गावांत लोकांना खरं कळलं. पण काही ठिकाणी त्याच्याखाली मजकूर आला, 'विरोधकांनी विकत घेतलेली नौटंकी.' नानाजींची पोरं बापाशी बोलेनाशी झाली. निकाल लागला तेव्हा तो उमेदवार थोडक्या मतांनी निवडून आला होता. व्हिडिओमुळं की नव्हे, कोण सांगणार?

नंदाबाई परत दळण टाकू लागली. तिचा डबा भरून देताना मात्र तो तिच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहतो.

निकालानंतर गोपालही आला. माफी मागितली, आणि त्याच दमात म्हणाला, "भाऊ, पिच्चर लाखो लोकायनं पाह्यला. दुसरा भाग काढू. लोक फत्तेसिंग मांगून राह्यले." रामधननं चक्कीचा पट्टा चढवला आणि घरघराटात त्याचं बोलणं बुडवून टाकलं. गोपाल थोडा वेळ थांबून निघून गेला.

संध्याकाळी जेवताना रामधन पुष्पाला म्हणाला, "करावं वाटते."

"काय?"

"दुसरा भाग."

पुष्पानं भाकरी त्याच्या ताटात टाकली. "ह्या बारीनं कोनाले मारसान?"

रामधननं भाकरी मोडली. ज्याला मारताना दाखवलं तरी त्याची बातमी होणार नाही, असा एकही माणूस त्याच्या डोळ्यापुढं येईना.